माझ्या मताचा आदर कृपया थांबवावा

बदली होऊन जयपूरच्या कार्यालयात आल्यापासून माझ्या मताशी कोणीही असहमत झालेलं नाही. पुण्यात, ठाण्यात किंवा नागपुरात बसून हे वाचणाऱ्याला वाटेल, काय नशीबवान माणूस आहे. घरात, सोसायटीच्या सभेत, बँकेच्या रांगेत ज्याचं एक वाक्य धड पुरं होऊ दिलं जात नाही, त्याला हेवा वाटणं साहजिक आहे. पण थोडं थांबा. हल्ली सगळ्याच कचेऱ्यांमध्ये सहकाऱ्यांच्या मताचा आदर कसा करावा याचं प्रशिक्षण सुरू झालेलं आहे. आज जे माझ्या वाट्याला आलंय ते उद्या तुमच्या दारात येणार, म्हणून हे निवेदन वेळेवर सादर करतो.

प्रकरणाची सुरुवात एसीपासून होते. माझं टेबल एसीच्या बरोबर समोर आहे. रिमोट लेखाशाखेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या ताब्यात असतो. हे गृहस्थ सांगानेरहून स्कूटरवर येतात. जयपूरचा मे महिना म्हणजे ४५ अंशांच्या आसपासचा पारा आणि वर लू. अशा उन्हातून आलेला माणूस आल्याआल्या एसी १८ वर नेणार, हे मला समजतं. पण ते तापमान संध्याकाळपर्यंत १८ वरच राहतं. बाहेर लोक छाछ पीत सावली शोधत असतात आणि मी आत मफलर गुंडाळून टिप्पण्या लिहितो. याला मी अन्याय म्हणतो.

मी भांडायला गेलो नाही. तयारी करून गेलो. त्यांना सांगितलं की ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमानुसार १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू झाला पाहिजे. एक अंश वर गेलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते, हेही त्याच ब्युरोचं म्हणणं. मग यंत्राचं काम समजावलं. आपल्या खोलीतल्या जुन्या एसीचा कॉम्प्रेसर एक तर पूर्ण चालतो नाही तर बंद होतो. १८ लावा की २४, खोली गार होण्याचा वेग तोच. फरक एवढाच की २४ वर तो मध्येच थांबतो आणि १८ वर थांबायचं नाव घेत नाही.

त्यांनी चष्मा काढून ऐकलं. शेजारच्या दोघांना बोलावून मला पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "भाईसाब, सोलह आने सही बात. इसको कहते हैं नॉलेज." दोघांनी माना डोलावल्या. एकानं माझ्यासाठी पाणी मागवलं. रिमोट जागेवर राहिला. १८ चे १८ राहिले.

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाशी पुढं बोलायचं काय? ते माझ्याशी सहमत आहेत. सहमत माणसाला पटवून देण्याची सोय कुठल्याही नियमावलीत नाही. अपील करायचं तर विरुद्ध निकाल लागलेला हवा. माझ्या बाजूनं निकाल लागून मी हरलो आहे.

मासिक बैठकीत विषय रीतसर मांडला. इतिवृत्तात नोंद झाली की सूचना अत्यंत मौलिक असून बैठकीनं तिचं स्वागत केलं. पुढच्या महिन्यात मी अंमलबजावणीचं विचारलं. त्या प्रश्नाचंही स्वागत झालं. त्यानंतर उन्हाळा संपला आणि 'ऋतुमानानुसार विषय तूर्त उपस्थित होत नाही' असा शेरा पडला. पुढच्या चैत्रात मी तोच विषय नव्यानं मांडला, तेव्हा अध्यक्षांनी माझ्या चिकाटीचं कौतुक केलं आणि तेही इतिवृत्तात घ्यायला सांगितलं. त्या नस्तीत माझ्याविषयी इतके चांगले शब्द आहेत की निवृत्तीच्या समारंभात ती जशीच्या तशी वाचता येईल. २४ हा आकडा मात्र तिच्यात कुठंही आदेशाच्या रूपात नाही.

ठाण्याच्या कचेरीत माझ्या शेजारी एक सहकारी होते. त्यांना मी हीच गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "१८ वरच राहणार. तुला थंडी वाजते तर जागा बदल. आणि आकडे मला नको सांगूस, मी पण पेपर वाचतो." आम्ही जेवणाच्या सुट्टीपर्यंत भांडलो. सुट्टीनंतर उरलेलं भांडलो. त्यांनी माझ्या वीजबचतीच्या हिशेबातली एक चूक काढली, मी त्यांची दोन काढली. संध्याकाळी २३ वर तडजोड झाली आणि ती मी बदली होऊन निघेपर्यंत दोघांनीही मोडली नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नात पंगतीत मी जिलबी वाढली. आजही दिवाळीला त्यांचा फोन येतो आणि पहिल्या दोन मिनिटांत आमचा कुठल्या ना कुठल्या गोष्टीवरून खटका उडतो. कार्यालयीन संबंध म्हणतात ते हे. त्या माणसानं माझं म्हणणं फेटाळलं, पण फेटाळण्याआधी त्याचा कीस पाडला होता. जयपुरात माझं म्हणणं आजवर कोणी उलटून पाहिलेलं नाही.

याच सुमारास आमच्याकडे प्रशिक्षण झालं. विषय होता सहकाऱ्यांच्या दृष्टिकोनाचा सन्मान. प्रशिक्षक दिल्लीहून आले होते. त्यांनी शिकवलं की समोरचा बोलत असताना मान हलवावी, त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगावं, आणि 'मी आपली भावना समजू शकतो' असं म्हणावं. पोहता येणाऱ्या गावात पोहण्याचा वर्ग भरवावा तसं झालं. मी हात वर करून विचारलं की यात समोरच्याचं म्हणणं चुकीचं असेल तर तसं सांगण्याची पायरी कुठं येते? प्रशिक्षकांनी मान हलवली, माझा प्रश्न आपल्या शब्दांत परत सांगितला आणि ते माझी भावना समजू शकतात असं म्हणाले.

नंतर जोड्या लावून सराव झाला. माझी जोडी रिमोटच्या मालकांशी पडली. मला सांगण्यात आलं की एखादी खरी अडचण मांडा. मी एसी मांडला. त्यांनी माझं सगळं म्हणणं इतक्या नेटक्या हिंदीत परत सांगितलं की क्षणभर मलाच वाटलं, आज काहीतरी होणार. ब्युरो आला, २०२० आलं, ६ टक्के आले, कॉम्प्रेसर आला. टाळ्या पडल्या. प्रशिक्षक म्हणाले, संवाद असा असावा. त्या दिवशी वाटलेलं पत्रक आता खोलीत रिमोटच्या खुंटीवर चिकटवलेलं आहे. त्यावर एकमेकांचे हात हातात घेतलेली दोन माणसं हसताना दाखवली आहेत. दोघांपैकी एकाच्याही गळ्यात मफलर नाही.

खिडकीचा विषय मी मुद्दाम वेगळा ठेवतो, कारण त्यात शहराच्या इभ्रतीचा प्रश्न आहे. १७९९ साली सवाई प्रतापसिंहांनी याच जयपुरात हवामहल बांधला आणि त्याला ९५३ खिडक्या ठेवल्या. आमच्या खोलीला एक आहे. हिवाळ्यात, एसी बंद असताना, ती दुपारी तासभर उघडावी एवढंच माझं म्हणणं होतं. सगळ्यांनी हवामहलाचा दाखला फार आवडल्याचं सांगितलं. एका तरुण सहकाऱ्यानं तो त्याच्या पाहुण्यांना सांगण्यासाठी लिहून घेतला. खिडकीपुढं कपाट आहे.

पोह्यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण जखम ताजी आहे. इथं सकाळी हातगाडीवर पोहे मिळतात आणि त्यावर शेव पडते. मी एकदा सांगितलं की पोह्याला मोहरी, कढीपत्ता आणि हिरवी मिरची हवी, वरून ओलं खोबरं, कोथिंबीर आणि लिंबाची फोड हवी, आणि शेव नको. एकजात सगळे म्हणाले, असली पोहे महाराष्ट्राचेच. दुसऱ्या दिवशी माझ्या बशीत शेव दुप्पट होती. विचारलं तर म्हणाले, आपण पोह्यांतले जाणकार, आपल्याला कमी कशी घालणार?

वेळेच्या बाबतीत मी सगळ्यांत जास्त कष्ट घेतले. आमचे एक सहकारी रोज अर्धा तास उशिरा येतात. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आपका गुस्सा बिल्कुल जायज़ है." राग मान्य झाल्यावर तो ठेवायचा कुठं? शेवटी मी त्यांच्याच बाजूनं मुद्दा शोधायला निघालो. निदान तो घेऊन तरी ते माझ्यावर चाल करून येतील, एवढीच आशा.

रविवारी जंतरमंतरात गेलो. सवाई जयसिंहांचं सम्राट यंत्र तिथं उभं आहे. सुमारे २७ मीटर उंच, दगडाचुन्याचं, आणि त्याच्या सावलीवरून दोन सेकंदांपर्यंत वेळ वाचता येते. पण ती वेळ सूर्याची, जयपूरची. आपली भारतीय प्रमाण वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची, मिर्झापूरजवळची. जयपूर पडतं ७५.८ च्या सुमारास. एका अंशाला चार मिनिटं धरली तर जयपूरचा सूर्य घड्याळाच्या साधारण २७ मिनिटं मागं चालतो. ऋतूप्रमाणं त्यात कमीजास्त होतं ते वेगळं. म्हणजे आमचे सहकारी घड्याळाप्रमाणं अर्धा तास उशिरा असले, तरी जयसिंहांच्या शहराच्या वेळेप्रमाणं जेमतेम तीन मिनिटं उशिरा येतात. हा बचाव मी त्यांच्या हाती आयता दिला. त्यांनी तो माझ्या तोंडावर फेकावा, प्रमाण वेळ म्हणजे अन्याय आहे असं टेबल वाजवून सांगावं, मग मी रेल्वेचं वेळापत्रक काढीन, अशी माझी तयारी होती.

ते म्हणाले, "ये बात भी सही है."

म्हणजे ते उशिरा येतात हे बरोबर, आणि ते उशिरा येत नाहीत हेही बरोबर. दोन्ही मतं माझीच असल्यामुळं दोन्हींचा आदर झाला.

आपल्याकडे वेळेचं भांडण कसं झालं ते आठवा. १९०६ साली देशभर प्रमाण वेळ आली. मुंबईच्या लोकांनी ती नाकारली, कारण त्यांचा सूर्य तर आणखी मागं, सुमारे ३९ मिनिटांनी. महापालिकेत वाद झाले, सभा झाल्या, आणि 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत टिकून राहिला. जवळपास पन्नास वर्षं एका शहरात दोन वेळा चालल्या. गैरसोय केवढी झाली असेल! पण त्या अर्ध्या शतकात निदान कोणाला काय वाटतं ते कळत होतं.

मग इतिहासाकडे वळलो. म्हटलं, जयपूर आणि मराठे या विषयावर तरी हे लोक गप्प बसणार नाहीत. त्रिपोलिया बाजाराजवळ ईसरलाट नावाचा सात मजली मनोरा आहे. १७४७ साली राजमहलच्या लढाईत जयपूरचे राजे ईश्वरीसिंह यांच्या फौजेनं मेवाडला आणि त्यांच्या बाजूनं आलेल्या होळकरांच्या फौजेला हरवलं, त्या विजयाची ती खूण. पुढच्याच वर्षी बगरूला मल्हारराव होळकरांनी त्याचा वचपा काढला. १७५० च्या डिसेंबरात मल्हारराव खंडणीसाठी जयपूरवर चालून आले आणि ईश्वरीसिंहांनी विष घेऊन जीव दिला. हा लहान प्रसंग नाही. आमच्या कार्यालयात बगरूचेच राहणारे एक सहकारी आहेत. त्यांच्या गावच्या मातीत ही लढाई झाली. मराठ्यांविषयी त्यांच्या मनात काही नसेल, हे मला पटत नाही.

मी स्वतःच विषय काढला. म्हटलं, आमच्या लोकांनी तुमच्या राजाला मृत्यूच्या दारात नेलं, असं तुमच्याकडे म्हणत असतील. माझं उत्तर तयार होतं. गादीचं भांडण ईश्वरीसिंह आणि माधोसिंह या दोन भावांचं होतं. माधोसिंहांच्या बाजूनं होळकरांना बोलावलं कोणी? जयपूरच्या घरातल्याच लोकांनी आणि उदयपूरनं. पैसे कबूल केले कोणी आणि थकवले कोणी? दोन रात्री जागून मुद्दे काढले होते. खंडणीचं समर्थन होणार नाही हेही मला माहीत होतं, तिथं माझी बाजू पडती आहे आणि त्यांनी नेमकं तिथंच धरावं, अशी माझी मनापासून इच्छा होती.

त्यांनी बगरूच्या छपाईचा एक रुमाल माझ्यासाठी आणला होता तो दिला आणि म्हणाले, "आपकी तरफ़ से देखें तो आप सही हैं सा." बगरू या छपाईसाठी फार नावाजलेलं आहे. नक्षी सुंदर आहे, रंग पक्का आहे. पण मल्हाररावांच्या वतीनं उत्तर देण्याचा माझा हक्क त्या रुमालात गुंडाळून परत करण्यात आला.

हे सगळं जयपूरच्या रक्तातच आहे असं कोणी म्हणेल, तर ते मी मानणार नाही. ज्यानं १७२७ साली हे शहर वसवलं, त्या जयसिंहांकडे बघा. युरोपातल्या ज्योतिषांचं गणित आपल्याहून पुढं गेलंय असं ऐकल्यावर त्यांनी पोर्तुगालला माणसं पाठवली. तिकडून फ्रेंच ज्योतिषी ला हायर याची कोष्टकं आली. जयसिंहांनी ती आपल्या वेधांशी ताडून पाहिली आणि चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक आहे असं आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं. पितळी यंत्रं लहान पडतात, झिजतात, म्हणून ती बाजूला सारून दगडाची उभी केली तीही याच हट्टातून. त्यांच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे पंडित होते. ते मूळचे महाराष्ट्रातले मानले जातात. त्यांनी युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात आणली. या मंडळींनी ला हायरला 'आपलंही बरोबर' असं कळवून कोष्टकं कपाटात ठेवली असती, तर आज मी रविवारी तिकीट काढून काय बघायला गेलो असतो?

आणि आपल्याकडचं उदाहरण तर शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. टिळक आणि आगरकर एका शाळेत शिकवत होते, एका वर्तमानपत्रात लिहीत होते. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात दोघं डोंगरीच्या तुरुंगात एकत्र १०१ दिवस राहिले. असं सहकार्य कुठल्या प्रशिक्षणात शिकवतात? तरीही आधी सामाजिक सुधारणा की आधी स्वराज्य, यावर दोघांचं जमलं नाही, तेव्हा कोणीही मान डोलावून वेळ मारून नेली नाही. १८८७ साली आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले, पुढच्या वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला, आणि दोन्ही पत्रांतून एकमेकांवर जी झोड उठली ती आजही वाचताना घाम फुटतो. संस्थेतले जुने वाद आणि वर गोखल्यांनी घेतलेलं सार्वजनिक सभेचं चिटणीसपद, यावरून टिळकांनी १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. सोडतानाही लांबलचक राजीनामापत्र लिहून एकेक मुद्दा मांडून सोडली. १८९५ साली आगरकर गेले तेव्हा 'केसरी'त टिळकांनीच मृत्युलेख लिहिला. आगरकरांना काय म्हणायचं होतं हे टिळकांइतकं बारकाईनं कोणाला माहीत होतं? ते खोडून काढण्यात त्यांनी वर्षं घातली होती. माझ्या कार्यालयात माझ्यावर मृत्युलेख लिहायची वेळ आली तर 'त्यांचं म्हणणं नेहमी बरोबर असे' या एका ओळीवर मंडळींचा मजकूर संपेल.

म्हणून माझी वरिष्ठांकडे लेखी मागणी आहे. कार्यालयात माझ्या मताचा जो आदर चालू आहे तो तात्काळ प्रभावानं थांबवण्यात यावा. माझ्या प्रत्येक सूचनेवर किमान एका सहकाऱ्यानं आक्षेप घ्यावा, आक्षेपाचं कारण सांगावं, आणि मी उत्तर दिल्यावर ते पुरेसं नसेल तर तसं तोंडावर सांगावं. एसी १८ वर ठेवायचा असेल तर १८ च का, हे रिमोटच्या मालकांनी मला एकदा समजावून द्यावं. पटलं तर मी मफलर घालून मुकाट बसेन. हा अर्ज दिला तेव्हा वरिष्ठांनी उठून हस्तांदोलन केलं आणि कार्यालयाला अशाच विचारी माणसांची गरज आहे असं म्हणाले. अर्ज विचाराधीन आहे.

आता आशा तुमच्यावरच. तुमच्यापैकी कोणी जयपूर बघायला येणार असाल, बदली होऊन येणार असाल, लग्नकार्याला येणार असाल, तर एक उपकार करा. आमच्या कार्यालयाच्या फाटकासमोर चहाची थडी आहे, संध्याकाळी सहानंतर मी तिथं असतो. या लेखातला कुठलाही एक मुद्दा धरा आणि तो साफ चुकीचा आहे असं मला सांगा. चहा-कचोरीचे पैसे मी देईन.